शेवटचा नंबर

ऑफिसात नवीन टेलिफोन सिस्टिम बसवायचं ठरलं तेव्हा तक्रारकाकांनी काहीच तक्रार केली नाही, आणि तिथेच सगळं चुकलं.

खरं म्हणजे काकांनी जन्मात कधी कशाची तक्रार केली नव्हती. हे नाव त्यांना टेबलामुळे पडलं होतं. लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीचं ते ऑफिस. शहरातल्या निम्म्या इमारतींच्या लिफ्ट या कंपनीकडे, आणि त्या अडकल्या की येणारे फोन काकांकडे. लिफ्टच्या आत फोनचं एकच बटण असतं. घाबरलेल्या माणसाने ते दाबलं की काकांच्या टेबलावरचा लाल फोन वाजायचा. काका उचलायचे आणि म्हणायचे, "घाबरू नका. मी आहे. बोलत राहा." दुसऱ्या हाताने मेकॅनिकला खूण करायची, पत्ता कागदावर खरडून त्याच्यापुढे सरकवायचा, आणि तो पोहोचेपर्यंत अडकलेल्या माणसाला बोलतं ठेवायचं. गुडघेदुखी, मुलांचे मार्क, वरच्या मजल्यावरून टपकणारं पाणी, कुठलाही विषय चाले. माणूस सुटेपर्यंत फोन खाली ठेवायचा नाही, एवढा एकच नियम. तो कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून कोणी मोडतही नव्हतं.

मग साहेब एकदा दुसऱ्या कुठल्याशा कंपनीला फोन करायला गेले आणि त्या लोकांनी त्यांना होल्डवर ठेवलं. होल्डवर बासरी वाजत होती. साहेबांना फार आवडली. आपल्या कंपनीत माणूस ताटकळतो तेव्हा त्याला साधी बासरीसुद्धा मिळत नाही, हे त्यांच्या मनाला लागलं.

"काका, नव्या सिस्टिमचं सगळं तुम्ही बघायचं," साहेब म्हणाले.

"साहेब, मला त्यातलं काही कळत नाही."

"म्हणून तर. तुम्हाला कळली म्हणजे ऑफिसात सगळ्यांना कळलीच."

हे कौतुक होतं की अपमान, याचा विचार करत काका घरी गेले. काकू जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. पूर्वी असा प्रश्न घरी नेला की काकू भाजी निवडता निवडता एका वाक्यात त्याचा निकाल लावायच्या. आता प्रश्न काकांबरोबर घरी यायचा, मुक्काम करायचा आणि सकाळी डब्याबरोबर परत ऑफिसात जायचा.

सिस्टिमवाला आला. पन्नाशीचा, पोटाला पट्टा घट्ट बांधलेला, अत्यंत शांत माणूस. साधं वाक्य त्याच्या तोंडून फार क्वचित यायचं. "आधी एक्स्टेंशन देऊ, मग हंट ग्रुप करू, ट्रान्सफर ब्लाइंड ठेवू, आणि डीएनडी मास्टरवरून," असं तो सुईणीच्या आवाजात म्हणाला आणि पाना काढून टेबलाखाली शिरला. काका खाली वाकून त्याच्या पायांशी बोलत राहिले. दोन दिवसांनी त्यांची कंबर धरली, पण शब्द थोडेथोडे पकडीत आले.

साहेबांचं फर्मान होतं की काकांनी ते शब्द सगळ्यांना सोप्या भाषेत समजावून सांगावेत. म्हणून मधल्या सुट्टीत काका चहाच्या टेबलापाशी उभे राहिले. समोर रिसेप्शनच्या ताई, स्टोअरवाले, बिलवाले आणि एक मेकॅनिक.

"एक्स्टेंशन म्हणजे काय," काकांनी सुरुवात केली, "घर एक, दार एक, पण आत खोल्या वेगवेगळ्या. पाहुणा दारात आला की त्याला कुठल्या खोलीत न्यायचं, तो खोलीचा नंबर म्हणजे एक्स्टेंशन. माझा एकशे सात."

"आणि होल्ड?" बिलवाल्यांनी विचारलं.

"पाहुण्याला दारात उभं करून 'आलेच हं' म्हणायचं आणि आत निघून जायचं."

"म्हणजे माझ्या सासूबाई," ताई म्हणाल्या. "त्या बासरी नाही वाजवत, एवढंच."

"ट्रान्सफर दोन प्रकारचा. पहिल्यात आपण आत जाऊन सांगतो, अमुक आलेत, बोलणार का, आणि मग पाठवतो. दुसरा ब्लाइंड. त्यात काही न विचारता पाहुण्याला खोलीत ढकलायचं आणि बाहेरून कडी."

"दुसरा चांगला आहे," स्टोअरवाले म्हणाले.

हंट ग्रुपपाशी काका थोडे थांबले. हा शब्द त्यांना सगळ्यात आधी कळला होता, कारण तो त्यांनी आयुष्यभर घरात पाहिला होता. "हंट ग्रुप म्हणजे असं बघा. घरात फोन वाजतो. बाप पेपर वाचत असतो, तो मुलीकडे बघतो. मुलगी अभ्यासाचं पुस्तक वर धरते. आजोबांना ऐकू येत असूनही येत नाही. असा फोन एकेकाकडून फिरत फिरत शेवटी ज्या माणसाकडे जातो, जो माणूस ओल्या हाताने धावत येऊन उचलतोच, तो शेवटचा नंबर. शेवटचा नंबर पक्का हवा. बाकीचे कसेही असले तरी चालतात."

ताईंनी कप उचलून बेसिनमध्ये ठेवला. काकांच्या घरी तो शेवटचा माणूस कोण होता, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं.

आता काकांच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त कॅशियर राहत. त्यांच्याबद्दल इथे सांगायला हवं, कारण पुढे त्यांच्या हातून बरंच काही व्हायचं आहे. जन्मभर बँकेच्या खिडकीमागे बसल्यामुळे त्यांना वाटे की जग म्हणजे समोर लागलेली रांग, आणि तिला शिस्त लावायला आपली नेमणूक झालेली आहे. काकांच्या घराची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असे. काकूंच्या कुंड्यांना दुपारी पाणी घालायचं काम त्यांनी स्वतःहून घेतलं होतं, कारण काका घालत तेव्हा कुंड्यांची डबकी होत.

"सिस्टिम चांगली असते," कॅशियर म्हणाले. "फक्त माणसांना मध्ये येऊ देऊ नका. आमच्याकडे मशीन आलं तेव्हा मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, मशीन चुकत नाही, पब्लिक चुकतं."

"लिफ्टमध्ये अडकलेलं पब्लिक असतं हो."

"अडकलेलं पब्लिक सगळ्यात वाईट. एकदम सगळेच आधी बोलतात."

बसवणीच्या शेवटच्या दिवशी सिस्टिमवाला लॅपटॉप मांडीवर घेऊन काकांच्या टेबलाशी बसला. काका एकेका फोनवर नंबराची चिठ्ठी चिकटवत होते. चिठ्ठ्यांना डिंक कमी आणि काकांच्या बोटांना जास्त लागत होता.

"काका, हंट ग्रुपला शेवटचं डेस्टिनेशन?"

"काय?"

"कोणीच नाही उचलला, तर शेवटी फोन कुठे पाठवू? बाहेरचा नंबर दिला तरी चालेल. जिथे नक्की कोणीतरी उचलेल असा."

काकांनी अंगठ्याला चिकटलेली चिठ्ठी सोडवता सोडवता एक नंबर सांगितला. एका दमात, न अडखळता. सिस्टिमवाल्याने तो टाकला, "सेव्ह," म्हणाला, आणि लॅपटॉप मिटला.

तो काकांच्या घरचा नंबर होता.

आयुष्यभर 'अडचणीच्या वेळी कोणाला कळवावे' असं कुठेही विचारलं की काकांनी तोच सांगितला होता. शाळेत मुलीच्या बाईंना, दवाखान्यात, गॅसवाल्याला, दुरुस्तीला दिलेल्या घड्याळासाठी. नक्की कोण उचलेल याचं उत्तर जिभेला पाठ होतं. जिभेला बाकी काही कळलेलं नव्हतं.

उद्घाटन दुपारी ठेवलं होतं. मोठ्या खोलीत खुर्च्या मांडल्या. इमारतींचे चेअरमन आले, सेक्रेटरी आले. पुढे टेबलावर पांढरं कापड टाकून काकांचा नवा फोन, एकशे सात नंबरचा, आणून ठेवला होता, म्हणजे साहेबांना सगळ्यांना तो वाजवून दाखवता येईल. शेजारी काका इस्त्रीच्या शर्टात, आणि त्यांच्या पलीकडे मेकॅनिक नवा युनिफॉर्म घालून. त्याला काही बोलायचं नव्हतं, फक्त दिसायचं होतं.

साहेब भाषणाला उठले आणि रिसेप्शनवरचा फोन वाजला. कोणीतरी गाडी लावायला जागा आहे का विचारत होतं. साहेब परत उठले आणि स्टोअरचा वाजला.

"हे बंद करा," साहेब सिस्टिमवाल्याला म्हणाले. "माझं भाषण होईस्तोवर एकही फोन वाजता कामा नये."

"मास्टर फोनवरून सगळ्यांना डू नॉट डिस्टर्ब लावतो," सिस्टिमवाला म्हणाला.

काका पुढे सरकले. "आणि लिफ्ट अडकली तर?"

"हंट करेल ना. सगळे डीएनडीवर म्हणजे सरळ शेवटच्या नंबरला. शेवटचा दिलाय ना तुम्ही?"

"दिलाय," काका म्हणाले.

"पक्का?" साहेबांनी विचारलं.

"पक्का," काका म्हणाले, आणि त्यांना ते खरं वाटलं. कोणता दिला ते त्यांनी आठवून पाहिलं नाही. आपल्या हाताला डिंक लागला होता, एवढंच आठवलं.

सिस्टिमवाला साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन आला, कुलपाची किल्ली त्यांना परत दिली, आणि फोन गप्प झाले. साहेब म्हणाले, "पाहा. काय शांतता आहे. हीच खरी आधुनिकता." चेअरमन लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांना मात्र ती शांतता सहन होईना. दुपारची वेळ म्हणजे लिफ्टची वेळ. लोक जेवायला येतात-जातात, वीज डोळे मिचकावते. इतक्या वेळात लाल फोन एकदा तरी वाजलाच असता. लाल फोन आता कपाटात होता, वायर गुंडाळून, झोपलेल्या मांजरासारखा.

तेवढ्यात त्यांच्या खिशातला मोबाइल थरथरला. काकांनी टेबलाच्या कापडाआड वाकून कानाला लावला.

"मी बोलतोय," वरचे कॅशियर म्हणाले. "झाडांना पाणी घालायला आलो होतो. तुमच्या घरचा फोन सारखा वाजत होता. शेवटी उचलला. एक बाई आहेत. म्हणतात, लिफ्टमध्ये आहे. मी म्हटलं, बाई, हे घर आहे, लिफ्ट नाही."

आणि काकांना तो नंबर आठवला. सगळे आकडे एकापाठोपाठ एक आठवले, आणि शेवटचा आकडा आठवेपर्यंत इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला.

"त्या अजून फोनवर आहेत ना? कुठल्या इमारतीत? विचारा."

"आता कसं विचारणार? फोन ठेवला ना मी."

"ठेवलात?"

"तुम्हाला कळवायला नको? मी त्यांना सांगितलं, थांबा, तुमचं काम संबंधितांकडे पाठवतो. रीतसर सांगून ठेवला."

"अहो, तिथूनच मला फोन करायचात."

"दुसऱ्याच्या घरचा फोन विचारल्याशिवाय वापरायची मला सवय नाही," कॅशियर जरा ताठ झाले. "वर जाऊन माझ्या मोबाइलवरून करतोय."

काकांनी डोळे मिटले. "बरं. आत्ताच्या आत्ता खाली जा. त्या परत बटण दाबतील. उचला आणि काही झालं तरी ठेवू नका. पत्ता विचारा."

जिना उतरल्याचा आवाज आला. मग दाराचा कडीकोयंडा हलवल्याचा. मग काहीच नाही.

"काय झालं?"

"तुमच्या दाराला ते आपोआप लागणारं कुलूप आहे," कॅशियर म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खिडकीबाहेरच्या माणसासारखा झाला होता. "किल्ली आत राहिली. फोनच्या स्टुलावर."

आणि त्यांच्या आवाजामागे, बंद दाराच्या आतून, काकांना आपल्या घरचा फोन वाजताना ऐकू आला.

हा आवाज काकांनी हजार वेळा ऐकला असेल, पण आतून. बाहेरून, दुसऱ्याच्या कानाने, तो पहिल्यांदाच ऐकला. रिकाम्या घरात फोन वाजतो तेव्हा प्रत्येक घंटेनंतर जी जागा असते, तिथे पावलं हवी असतात. पावलं नव्हती. वाजत होता, वाजत होता.

"थांबला," कॅशियर म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, "परत लागला."

"आधी काय बोलल्या त्या? सगळं सांगा. जे आठवेल ते."

"फार बोलल्या. खाली कुरियर घ्यायला आल्या होत्या म्हणे, मोबाइल वरच. नातवंड आत झोपलंय, लहान आहे. दार ओढून घेतलंय, किल्ली त्यांच्याकडे. आणि गॅसवर दूध ठेवलंय. मी म्हटलं, दूध ठेवून घराबाहेर पडूच नये. ते त्यांना पटलं."

पुढे साहेब म्हणत होते, "आमच्या ग्राहकाला यापुढे कधीही ताटकळावं लागणार नाही."

काका सिस्टिमवाल्यापाशी गेले. तो भिंतीला टेकून उभा होता. "डीएनडी काढा. लगेच."

"मास्टर साहेबांच्या केबिनमध्ये आहे. केबिनला कुलूप आहे. किल्ली साहेबांकडे."

मग काका साहेबांच्या मागे गेले आणि हळूच म्हणाले, "साहेब, किल्ली."

साहेबांनी भाषणाच्या मध्येच हसऱ्या तोंडाने मान हलवली आणि ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाले, "नंतर."

"साहेब, बाई अडकल्यात."

"शेवटच्या नंबरला गेला असेल ना फोन? तुम्हीच तर पक्का म्हणालात."

काका उभे राहिले. समोर चाळीसेक माणसं बसलेली. आयुष्यात त्यांनी चारचौघांत कधी आवाज चढवला नव्हता. बसमध्ये कोणी पायावर पाय दिला तर तेच "सॉरी" म्हणत. त्यांनी साहेबांच्या पुढ्यातला माइक आपल्याकडे वळवला. माइक किंचाळला, आणि सगळी खोली जागी झाली.

"माझी तक्रार आहे," काका म्हणाले.

मागे ताईंच्या हातातून चमचा पडला.

"एक बाई लिफ्टमध्ये अडकल्यात. वर गॅसवर दूध आहे, बाळ झोपलंय, दार बंद आहे. त्या आपल्याला फोन करतायत आणि इथे वाजत नाहीये. जिथे वाजतोय, तिथे उचलायला कोणी नाही. चूक माझी आहे, ती नंतर बघा. आधी किल्ली द्या."

साहेबांनी किल्ली दिली. सिस्टिमवाला, ज्याला कधी घाईने चालताना कोणी पाहिलं नव्हतं, तो धावला. त्याचं पोट पट्ट्याच्या वरून वेगळं धावत होतं.

चेअरमन लोकांत कुजबुज सुरू झाली. "कुठली इमारत?" "लहान बाळ म्हणजे आमच्याकडचं नसेल." एकजण उठून आपल्या बायकोला फोन करून दूध बघायला सांगू लागला, आणि बायको विचारत होती की कोणतं दूध.

"झालं," आतून सिस्टिमवाला ओरडला. "आता त्यांनी बटण दाबलं की इथे वाजेल."

दाबलं की. काका टेबलासमोर उभे राहिले. मोबाइल अजून कानालाच होता.

"वाजतोय का अजून तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं.

"नाही," कॅशियर म्हणाले. "मघाशी थांबला. परत लागला नाही."

सगळी खोली त्या पांढऱ्या कापडावरच्या फोनकडे बघत होती. इतके लोक एका फोनकडे इतका वेळ बघताना काकांनी कधी पाहिले नव्हते. माणूस किती वेळा बटण दाबेल? पहिल्यांदा बासरी. मग एक गृहस्थ येतो, दूध ठेवून बाहेर पडू नये म्हणून सांगतो आणि ठेवून देतो. मग नुसतीच घंटा. काका त्यांच्या जागी असते तर केव्हाच सोडून दिलं असतं.

फोन वाजला.

पहिली घंटा पुरी व्हायच्या आत काकांनी रिसीव्हर उचलला.

"घाबरू नका," ते म्हणाले. "मी आहे. बोलत राहा."

"तुम्ही कोण?" आवाज सगळ्या खोलीत घुमला. साहेबांना वाजवून दाखवायचं होतं म्हणून फोन स्पीकरवर लावून ठेवलेला होता, हे काकांच्या ध्यानात आलं नाही, आणि इतर कोणाला ते सांगायचं सुचलं नाही. "मघाचेच ते?"

"नाही बाई. मी ठेवणार नाही. पत्ता सांगा."

पत्ता अर्धा ऐकूनच युनिफॉर्मवाला मेकॅनिक म्हणाला, "बेकरीच्या वरची. कळली," आणि बॅग उचलून पळाला. एक चेअरमन त्याच्यामागे निघाले. ती इमारत त्यांची नव्हती, पण त्यांची मोटरसायकल दारातच होती.

"निघालाय आमचा माणूस," काका म्हणाले. "दूध केव्हाचं ठेवलंय?"

"अहो, तेच तर. उतू जाऊन गॅस विझला असेल तर? बाळ आतल्या खोलीत आहे हो." बाईंचा आवाज फाटला. "मी घंटा पण वाजवली. पण ती रोजच पोरं वाजवतात, कोण बघतं."

गॅस विझून घरात वास कसा पसरतो हे काकांना माहीत होतं. गेल्या काही महिन्यांत दोनदा माहीत झालं होतं. पण ते म्हणाले, "पातेलं मोठं की लहान?"

"मोठं. लहान घासायचं होतं."

"आणि दूध?"

"सकाळच्यातलं उरलेलं. थोडंच."

"आच?"

"बारीक. मी बारीकच ठेवते नेहमी."

"मोठं पातेलं, थोडं दूध, बारीक आच," काका हिशेब केल्यासारखे म्हणाले. "नाही उतू जाणार. आटेल. करपेल. पण बाहेर यायला त्याला फार चढावं लागेल. स्वयंपाकघराची खिडकी?"

"उघडी आहे."

"मग झालं तर. बोलत राहा. बाळाचं नाव काय ठेवलं?"

"अजून ठेवायचंय. सुनेचं आणि माझं जमत नाहीये." बाई नाक ओढत थोडं हसल्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला पुरुष असून दुधाचं बरंच कळतं."

"उतू गेलेल्या दुधाचं कळतं."

"घरी बायको नाही का बघत?"

ऑफिसात काकांना हे कोणी विचारलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं, म्हणून सगळे दुसरीकडे बघत. आणि ज्याला माहीत नाही असं माणूस आत्ता अंधारात, दोन मजल्यांच्या मध्ये लटकत होतं, आणि त्याला बोलतं ठेवायचं होतं.

"होती तोवर बघायची," काका म्हणाले. "ती गेली. आता मी ठेवतो, पेपर उघडतो, आणि मग वास येतो. रोज ठरवतो की आज उभं राहायचं समोर. राहवत नाही. ती जिथे उभी राहायची, तिथे उभं राहायला लागतं ना."

खोलीत कोणीतरी खुर्ची सरकवली, आणि त्या आवाजाने काकांनी वर पाहिलं. चाळीस माणसं. स्पीकरचा लाल दिवा. काकांचे कान तापले. त्यांना वाटलं, टेबलावरचं ते पांढरं कापड ओढून डोक्यावरून घ्यावं. पण फोन ठेवता येत नव्हता. नियम होता.

"ऐकताय ना?" बाई म्हणाल्या.

"ऐकतोय."

"मोठं पातेलं घेत जा. दूध थोडं असलं तरी. घासायला जड पडतं, पण चुकलेल्या माणसाला वेळ मिळतो."

"बरं," काका म्हणाले.

मग लिफ्टच्या दारावर आवाज झाला, मेकॅनिकचा "मावशी, मागे सरका" ऐकू आलं, आणि बाई "आले रे" म्हणत गेल्या. लिफ्टमधला फोन तसाच चालू राहिला. काकांनीही धरून ठेवला. त्या फोनातून कोणाची तरी पावलं जिना चढून गेली, आणि मग काहीच ऐकू येईना. साहेब घड्याळाकडे बघत नव्हते. बिलवाले नखं खात होते. ताई काकांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

बऱ्याच वेळाने लिफ्टमधून मेकॅनिकचा आवाज आला, धापा टाकत. "काका? गॅस चालूच होता. दूध आटून तळाला लागलंय, पातेलं काळं झालंय. बाळ झोपलंय. मावशी आता मलाच दूध प्या म्हणतायत. काय करू?"

"पिऊ नकोस," काका म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांनी फोन खाली ठेवला.

चेअरमन लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी त्या सिस्टिमसाठी आहेत असं समजून हात जोडले.

सगळे गेल्यावर साहेबांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं. सिस्टिमवाला लॅपटॉप उघडून बसला होता.

"तो शेवटचा नंबर कोणाचा होता काका?"

"माझा. घरचा."

"घरी कोण असतं?"

"कोणी नाही."

साहेबांनी पेपरवेट इकडून तिकडे ठेवला. शेवटी म्हणाले, "बदला तो."

"काय टाकू?" सिस्टिमवाल्याने विचारलं.

"एकशे सात," काका म्हणाले.

"पण काका, हंट तिथूनच सुरू होतो. पहिले पण तुम्ही, शेवटचे पण तुम्ही, असं केलं तर फोन गोल फिरत राहील. सिस्टिमला संपायला जागा हवी."

"फिरू दे. मी उचलेस्तोवर फिरू दे."

सिस्टिमवाल्याने साहेबांकडे पाहिलं. साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आणि ती बासरी काढा."

काका घरी पोहोचले तेव्हा कॅशियर त्यांच्या दारासमोर खुर्ची टाकून बसले होते. दुपारपासून उठले नव्हते. "दोनदा कोणीतरी जिन्यावरून गेलं," ते म्हणाले, "पण मी कोणाला दाराला हात लावू दिला नाही." हे कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. काकांनी आपल्या किल्लीने दार उघडलं, आतली किल्ली त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "उद्या कुंड्यांना पाणी घाला."

मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी वरच्या फळीवरून सगळ्यात मोठं पातेलं काढलं. पाहुण्यांच्या वेळचं. त्यात कपभर दूध ओतलं. ते तळाशी इतकं लहान दिसलं की काकांना त्याची दया आली. गॅस बारीक केला. पेपर बाहेरच्या खोलीत राहू दिला, आणि ओट्यासमोर उभे राहिले. जरा उजवीकडे, जिथे फरशी थोडी झिजली आहे, तिथे.

दूध नुकतं थरथरायला लागलं आणि बाहेर फोन वाजला.

काकांनी दुधाकडे पाहिलं. फोनकडे पाहिलं. तिसरं बघायला कोणी नव्हतं. त्यांनी गॅस बंद केला, ओले हात शर्टाला पुसत धावत गेले आणि उचलला.

"मी, वरून," कॅशियर म्हणाले. "काही काम नाही. उचलताय का ते तपासत होतो."

"उचलला," काका म्हणाले.

"बरं. ठेवू?"

"थांबा जरा," काका म्हणाले. "काय जेवलात?"